युनिव्हर्सिटी लायब्ररीचा सगळा टेक्निकल सपोर्ट एकट्यावर आलाय, कुठून सुरुवात करू?

पवननगर_सिडको

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या सेंट्रल लायब्ररीत सिस्टिमचं काम बघतो. नाव सांगत नाही, आमचेच लोक इथे वाचत असतात. आधीचे सर रिटायर झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही, त्यामुळे कोहा (लायब्ररीचं सॉफ्टवेअर), किऑस्क (मुलांनी स्वतः पुस्तक परत करायचं मशीन), आरएफआयडी गेट (पुस्तकातला टॅग वाचून वाजणारं दार), ओपॅक (ऑनलाइन कॅटलॉग), ई-जर्नलचं लॉगिन, बारकोड प्रिंटर असं सगळंच माझ्याकडे आलंय. मी बीसीएस केलेला माणूस, लायब्ररी सायन्सवाला नाही. मार्क (कॅटलॉगच्या नोंदीचा फॉरमॅट), डीडीसी (पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत) वगैरे इथे येऊन कॅटलॉगिंगच्या मॅडमकडून शिकतोय.

सध्या तीन गोष्टींनी वैताग आणलाय.

एक म्हणजे किऑस्क. मुलं संध्याकाळी उशिरा येऊन ड्रॉप बॉक्सच्या किऑस्कवर पुस्तक परत करतात, स्लिप पण निघते, आणि सकाळी त्याच मुलाला ओव्हरड्यूचा मेल. मग तो स्लिप नाचवत काउंटरवर येतो, काउंटरवरच्या ताई मला फोन लावतात, मी जाऊन बघतो तर पुस्तक बॉक्समध्ये आणि सिस्टिममध्ये अजून त्याच्या नावावर इश्यू. रोज झालं असतं तर बरं, पकडता तरी आलं असतं. हे मधूनच होतं, आणि मला वाटतं सोमवारी किंवा सुट्टीनंतर जास्त होतं पण दाखवायला काही हातात नाही. व्हेंडर म्हणतो तुमच्या सर्व्हरचा प्रॉब्लेम. सर्व्हरवाला म्हणजे परत मीच.

दुसरं मराठी सर्च. मराठी विभागाच्या एक प्राध्यापिका फार चिडल्यात, आणि त्यांचं बरोबर आहे. ओपॅकमध्ये ‘शेतकऱ्यांचे’ टाकलं की काही पुस्तकं येतात आणि काही येतच नाहीत. जी येत नाहीत ती लेखकाच्या नावाने काढली की दिसतात, आणि नावात तोच शब्द, तसाच. तिथून शब्द कॉपी करून सर्चमध्ये टाकला तर ते पुस्तक सापडतं पण मग आधीची गायब! दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघितले, मला तर काही फरक दिसेना.

तिसरं ई-जर्नल्स. कॅम्पसमध्ये बसूनच पेपर उघडत नाही, पैसे भरा म्हणून पान येतं, आणि एक-दोन दिवसांनी आपोआप चालू होतं. तोवर पीएचडीची मुलं व्हॉट्सॲप ग्रुपवर लायब्ररीला नावं ठेवून मोकळी.

शिवाय तक्रार कुठूनही येते, ग्रुपवर, फोनवर, कॅन्टीनच्या रांगेत, परवा तर कॉलेज रोडला सिग्नलवर शेजारच्या गाडीवरून एका सरांनी विचारलं की माझं लॉगिन झालं का. आधी काय धरू? इथलं कोणी असेल तर प्रत्यक्ष भेटायला पण येतो, मिसळ माझ्याकडून.

जुना_सिस्टिमवाला

किऑस्कचं आधी घ्या भाऊ, कारण त्यात लोकांचा दंड अडकलाय आणि दंड म्हटलं की पालकांचे फोन येतात.

पहिली गोष्ट, स्लिपला पुरावा धरू नका. स्लिप किऑस्क छापतो, कोहा नाही. किऑस्क कोहाशी सिप-टू नावाच्या प्रोटोकॉलने बोलतो. पुस्तक परत आलं की किऑस्क ०९ नंबरचा मेसेज पाठवतो, कोहा १० ने उत्तर देतो. १० च्या लगेच पुढचा आकडा १ असेल तर परत घेतलं, ० असेल तर नाही घेतलं. आता बहुतेक किऑस्कमध्ये ऑफलाइन मोड असतो, म्हणजे उत्तर आलं नाही तर तो पोराला ताटकळत ठेवत नाही, स्लिप देऊन मोकळा होतो आणि व्यवहार स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो, लाइन आली की मग वर ढकलतो. त्याच्या मध्ये तुमचा ओव्हरड्यूचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) धावला की मेल गेलाच.

आता सोमवारीच का. सुट्टीत किऑस्क तासन् तास गप्प असतो. मधला फायरवॉल असं गप्प पडलेलं कनेक्शन काढून टाकतो आणि दोन्ही टोकांना सांगत पण नाही. किऑस्कला वाटतं लाइन चालू आहे, पहिलं पुस्तक आलं की ०९ पाठवतो, तो जातो हवेत, थोडा वेळ वाट बघतो आणि ऑफलाइनला जातो. माझा अंदाज तरी हाच, पण अंदाजावर व्हेंडरशी भांडू नका. भांडण झालेल्या एका पुस्तकाची स्लिप घ्या, वेळ बघा, सर्व्हरवर कोहाच्या लॉगच्या फोल्डरमध्ये सिपचा लॉग असतो तो त्या वेळेला उघडा आणि बारकोड शोधा. ०९ आलेलाच नसेल तर दोष मधल्या रस्त्याचा किंवा किऑस्कचा. ०९ आलाय आणि उत्तर १०० ने सुरू होतंय तर कोहाने नाकारलंय, मग टॅगमधला बारकोड आणि कोहातला बारकोड सारखे आहेत का ते बघा. पुढचे शून्य उडालेले किंवा मागे स्पेस चिकटलेली असले प्रकार टॅगिंगच्या वेळी कंत्राटी मुलं हमखास करून ठेवतात.

उपाय: व्हेंडरला सांगा दर काही मिनिटांनी ९९ पाठवायला. ९९ म्हणजे ‘मी जिवंत आहे’ एवढाच मेसेज, कोहा ९८ ने उत्तर देतो, कनेक्शन गप्प राहत नाही, फायरवॉल पण हात लावत नाही. सेटिंगमध्ये असतं ते, नवीन पैसे मागितले तर देऊ नका.

आणि व्हेंडर ऐकेपर्यंत दोन गोष्टी आजच करता येतील. ओव्हरड्यूचा क्रॉन पहाटे असेल तर तो दुपारी न्या. आणि सकाळी ड्रॉप बॉक्समधली सगळी पुस्तकं काउंटरवरून परत एकदा चेक-इन करून घ्या, ‘बुक ड्रॉप मोड’वर टिक करून, म्हणजे परतीची तारीख आजची न पडता लायब्ररी शेवटची उघडी होती त्या दिवसाची पडते. पण ते कळण्यासाठी कोहाचं कॅलेंडर भरलेलं पाहिजे. रविवार भरलेला असतो, गणपती विसर्जन आणि स्थानिक सुट्ट्या कोणी भरत नाही, आणि मग सुट्टीच्या दिवसाचा दंड लागला म्हणून बोंब.

गेट वाजतं का हो तुमचं, इश्यू झालेल्या पुस्तकावर? ते पण याच घरातलं. गेट कोहाला काही विचारत नाही बऱ्याच ठिकाणी, ते फक्त टॅगमधला सिक्युरिटीचा बिट बघतं. एकावर एक पुस्तकं ठेवली आणि टॅग बरोबर एकमेकांवर आले की वाचताना एखादा सुटतो. म्हणून टॅग सगळ्या पुस्तकांत एकाच कोपऱ्यात लावायचे नसतात, थोडे वर-खाली लावायचे.

कॅटलॉगवाली

‘शेतकऱ्यांचे’ वाचून हसूच आलं मला, कारण हा शब्द आमच्याकडे पण असाच छळून गेलाय.

दादा, दोन्ही शब्द दिसायला सारखे असले तरी आत वेगळे आहेत. हा जो ‘ऱ्य’ आहे ना, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याचा कोड ०९३१, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं एक न दिसणारं चिन्ह आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. तिसरा प्रकार पण सापडेल बघा, टायपिस्टला ते चिन्ह माहीत नसतं म्हणून नुसतं र हलन्त य मारलेलं, मग रफार येऊन ‘शेतकर्यांचे’ असं दिसतं. तो निदान डोळ्याला खुपतो तरी.

कोणत्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर ठरतं सगळं. तुमच्याकडे वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांनी एन्ट्री केली असणार, कोणी इनस्क्रिप्टने, कोणी फोनेटिकने, आणि जुना डेटा तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधून कन्व्हर्टरने बदलून आणलेला असतो, त्यात काय काय निघेल सांगता येत नाही. याच जातीची अजून उदाहरणं सांगते. ‘ऑ’ हे एक अक्षर आणि ‘अ’ला वेगळा ‘ॉ’ लावलेला, हे दोन वेगळे. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या एन्ट्रीत अ वर चंद्र वेगळा दिलेला असायचा. म्हणून ‘ॲग्रिकल्चर’, ‘ऑडिट’ शोधून बघा, तिथे पण अर्धीच पुस्तकं येतील. आणि आकडे! ‘भाग २’ मधला दोन मराठी की इंग्रजी यावर पण सर्च अडतो.

आता करायचं काय. कोहाचं सर्च इंजिन तुमच्याकडे झेब्रा आहे की इलॅस्टिकसर्च ते आधी बघा. झेब्रा असेल तर इंडेक्सिंग (सर्चसाठी शब्दांची यादी बनवणं) आयसीयूवर, म्हणजे युनिकोड समजणाऱ्या प्रोग्रामवर आहे का ते बघा, देवनागरीला तेच लागतं, आणि त्याच्या नियमांच्या फाइलमध्ये दोन ओळी वाढवायच्या: झेडडब्ल्यूजे काढून टाक, आणि ऱ चा र कर. हे इंडेक्स बनवताना पण लागू होतं आणि माणूस सर्च टाकतो त्याला पण, त्यामुळे तिन्ही प्रकार एकाच ठिकाणी येऊन बसतात. मग पूर्ण रिइंडेक्स. रात्री लावा, दिवसा लावलंत तर ओपॅक रिकामा दिसेल आणि तुमचा फोन बंद पडेल. यात ‘दर्या’ शोधणाऱ्याला ‘दऱ्या’ पण मिळतील, मिळू देत, एखादं पुस्तक जास्त आलेलं चालतं, न आलेलं चालत नाही.

पण खरं दुखणं एन्ट्रीत आहे. नवीन एन्ट्री करणाऱ्या सगळ्यांना एकच कीबोर्ड द्या आणि कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. आमच्याकडे अजूनही एक सर आहेत, ते ‘मला जुनीच सवय आहे’ म्हणतात. असो.

पवननगर_सिडको

दोघांचे पाय धरतो आता.

सिपचा लॉग काढला. चार स्लिपा तपासल्या, तीनमध्ये ०९ आलेलाच नाही सर्व्हरपर्यंत. चौथीत १०० आहे, बारकोडच्या पुढचा शून्य टॅगमध्ये नाही. तिन्ही स्लिपा सुट्टीनंतरच्या पहिल्या तासातल्या. लॉगचा स्क्रीनशॉट व्हेंडरला पाठवला तर तासाभरात उत्तर, ‘सर हार्टबीट डिसेबल्ड आहे, एनेबल करून देतो’, म्हणजे तुमचा तो ९९ च. इतके दिवस सर्व्हर सर्व्हर करत होते!

कॅटलॉगवाली ताई, शब्द कोड दाखवणाऱ्या साइटवर टाकून बघितला, तुम्ही म्हणालात तेच, एकात २००डी, म्हणजे झेडडब्ल्यूजेचा कोड, आहे मध्ये लपलेला. आता प्रश्न असा की इंडेक्सचं करतोच पण मूळ रेकॉर्ड पण साफ करावेत असं वाटतंय. डेटाबेसमध्ये सरळ एक अपडेट क्वेरी मारून सगळे झेडडब्ल्यूजे उडवू का? टायटलची टेबल मला सापडलीये.

कॅटलॉगवाली

नको नको नको. थांबा.

टायटल कोहात दोन ठिकाणी असतं. एक तुम्हाला सापडली ती टेबल आणि दुसरं पूर्ण मार्क रेकॉर्ड, ते एक्सएमएलमध्ये वेगळ्या टेबलमध्ये बसलेलं असतं. इंडेक्स बनतो तो मार्कवरून. तुम्ही फक्त पहिल्या टेबलमध्ये बदल केलात तर यादीत एक दिसेल, सर्चला दुसरंच लागेल, आणि कोणी ते रेकॉर्ड उघडून सेव्ह केलं की तुमचा बदल पुसला जाईल. शिवाय नुसते झेडडब्ल्यूजे उडवलेत तर ‘शेतकऱ्यांचे’चं सरळ ‘शेतकर्यांचे’ होऊन बसेल, म्हणजे बरं होतं ते पण बिघडवलं. उडवायचे नाहीत, र हलन्त झेडडब्ल्यूजे हा पूर्ण तुकडा ऱ हलन्त असा बदलायचा.

रेकॉर्ड एक्सपोर्ट करा, मार्कएडिट फुकट आहे, त्यात शोधा-बदला करा, २४५ फील्डपासून (टायटल) सुरुवात करा, मग १०० (लेखक) आणि ६५० (विषय). आधी पन्नास-शंभर रेकॉर्डवर करून टेस्ट सर्व्हरवर चढवा. ९५२ ला हात लावू नका, तिथे प्रत्येक प्रतीचा बारकोड आणि शेल्फ असतं, इम्पोर्ट करताना ते ‘आयटम दुर्लक्ष करा’वर ठेवा नाहीतर प्रतींच्या नोंदींत घोळ होईल.

नाशिकरोडचा_नेटवर्कवाला

जर्नलचं कोणी घेतलं नाही म्हणून मी घेतो. तुमच्याकडे इंटरनेटच्या दोन लाइनी आहेत का? नव्वद टक्के तोच घोळ असणार.

पब्लिशर तुम्हाला ओळखतो तो फक्त बाहेरच्या आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवर दिसणाऱ्या तुमच्या लाइनच्या नंबरवरून. नोंदवलेल्या आयपीवरून आलात की आत, नाहीतर पैसे भरा. आता गावात काय चाललंय बघताय ना, सिंहस्थ जवळ आला म्हणून जिकडे तिकडे रस्ते उकरलेत, जेसीबीने फायबर तोडली की तुमचा राउटर आपोआप दुसऱ्या लाइनवर जातो. नेट चालू असतं म्हणून कोणाला कळतच नाही की लाइन बदलली, यूट्यूब चालतं, मेल चालतो, फक्त जर्नल बंद. फायबर जोडली की परत चालू. लोकांना वाटतं लायब्ररीवाल्यांनी काहीतरी बंद केलं होतं.

पुढच्या वेळी बंद पडलं की लायब्ररीतल्या पीसीवरून बाहेरचा आयपी काय दिसतोय तेवढं बघा, गूगलवर विचारलं तरी सांगतं. वेगळा असेल तर दुसऱ्या लाइनचा पण स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या आणि तो सगळीकडे नोंदवा. सरकारी युनिव्हर्सिटी असाल तर १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये आहात, तीस पब्लिशरची तेरा हजारांवर जर्नल्स, सगळं गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडून चालतं, त्यामुळे आयपीचा बदल त्यांच्याकडे कळवायचा. प्रायव्हेट असाल तर प्रत्येक पब्लिशरला वेगळा मेल, आणि त्यातले काही पंधरा दिवस उत्तर देत नाहीत, धीर धरा.

आणि घरून वाचायचं असेल तर इन्फेड, इन्फ्लिबनेटचंच आहे, त्यात युनिव्हर्सिटीचं लॉगिन वापरून आत जाता येतं, आयपीचा संबंधच राहत नाही. फक्त पास झालेल्या मुलांची लॉगिनं बंद करायची जबाबदारी कोणाची ते आधी एचओडीकडून लिहून घ्या. एखाद्याने रात्रभर स्क्रिप्ट लावून हजारो पेपर उतरवले की पब्लिशर अख्ख्या कॅम्पसला बंद करतो, आणि मग तुम्ही लॉगमधून तो पोरगा शोधत बसा.

दुतोंड्या

सिग्नलवर लॉगिन विचारणारे सर आमच्याकडे पण आहेत. प्रत्येक युनिव्हर्सिटीला एक मंजूर पद असावं बहुतेक.

जुना_सिस्टिमवाला

विचारलं नाहीत पण सांगतो, बॅकअप कुठे जातो तुमचा?

कोहा पॅकेजवरून टाकलं असेल तर रोज रात्री डंप (सगळ्या डेटाची कॉपी) आपोआप निघतो, सगळ्यांना वाटतं झालं काम. पण तो निघतो त्याच मशीनवर, वार (var) फोल्डरच्या आत स्पूलमध्ये, आणि काही बदललं नसेल तर दोनच दिवसांचा ठेवला जातो. डिस्क गेली की डेटा आणि बॅकअप जोडीने गेले. आणि समजा शुक्रवारी कोणी बॅच एडिटमध्ये गोंधळ घातला आणि सोमवारी लक्षात आलं, तर तोवर चांगला डंप पुसला गेलेला असतो. तुम्ही आता मार्कएडिटचं काम काढणार आहात म्हणून मुद्दाम लिहितोय.

रोजचा डंप दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर जाऊ दे, निदान महिनाभराचे ठेवा. डंपच्या दोन फाइली असतात, एक डेटाबेसची आणि एक कॉन्फिगरेशनची, दोन्ही लागतात. आणि एखादा जुना पीसी घेऊन त्यावर उबंटू टाकून तो डंप रिस्टोअर करून बघा, तोच तुमचा टेस्ट सर्व्हर पण होईल. हो, तिथे मेल बंद करायला विसरू नका, नाहीतर टेस्ट सर्व्हर पण अख्ख्या युनिव्हर्सिटीला ओव्हरड्यूचे मेल पाठवेल. एका ठिकाणी हे झालेलं आहे, कुलगुरूंनाही गेला होता.

तक्रारींसाठी मोठं सॉफ्टवेअर घेऊ नका लगेच. लायब्ररीच्या नावाचा एक मेल आयडी आणि एक गूगल फॉर्म, फॉर्ममध्ये बारकोड आणि वेळ हे दोन रकाने सक्तीचे. ग्रुपवर कोणी लिहिलं की फक्त फॉर्मची लिंक टाकायची, बाकी काही बोलायचं नाही. पहिला महिना लोक तुम्हाला आखडू म्हणतील.

पवननगर_सिडको

बॅकअप बघितला. त्याच मशीनवर आहे, दोन दिवसांचाच. घाम फुटला खरं सांगायचं तर, आजच दुसरीकडे कॉपी लावली. नेटवर्कवाले दादा, लाइनी दोन आहेत, दुसरीचा आयपी कुठेच नोंदवलेला नाही, पत्र सहीला ठेवलंय.

एक शेवटचं. ओव्हरड्यूच्या मेलऐवजी मराठीत एसएमएस पाठवायचा विचार आहे, मुलं मेल बघतच नाहीत. कोहात एसएमएसचा गेटवे लावला की झालं ना?

नाशिकरोडचा_नेटवर्कवाला

नाही झालं. आधी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची एसएमएस नोंदणीची यंत्रणा) युनिव्हर्सिटीची नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) मंजूर, मग मेसेजचा मजकूर टेम्प्लेट म्हणून मंजूर. मंजूर मजकुरात आणि कोहा पाठवतो त्यात एका स्वल्पविरामाचा फरक पडला तरी मेसेज मध्येच अडवला जातो, आणि कोहात मात्र ‘सेंट’ दिसतं. मराठी एसएमएस एका वेळी ७० अक्षरांचाच असतो, इंग्रजीला १६० मिळतात, त्यामुळे पुस्तकाचं पूर्ण नाव टाकलंत तर एकाच्या जागी दोन-तीन मेसेजचे पैसे. टेम्प्लेटमध्ये नुसता बारकोड आणि तारीख ठेवा. अर्ज पाठवण्याआधी मजकूर त्या कॅटलॉगवाल्या मॅडमना दाखवा, ‘दुसऱ्या’ असा शब्द त्यात असेल तर ऱ कुठला आहे ते बघून घेतील.